मोटार अपघाताचा दावा आणि तडजोडीचा कागद

आपल्या भागात रस्त्यावरच्या अपघातात घरचा माणूस गेला, की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो न होतो तोच दारात दोन प्रकारची माणसे येतात. एक गाडीमालकाकडची. त्यांच्याजवळ लिहून आणलेला स्टॅम्पपेपर असतो आणि पाकिटात काही रक्कम. दुसरी 'क्लेम काढून देतो' म्हणणारी. त्यांच्याजवळ कोरे वकीलपत्र असते. घरच्यांजवळ मात्र त्या वेळी ना कागद असतो, ना माहिती, ना विचार करण्याएवढे त्राण. अशा वेळी केलेली एक सही पुढे पंधरा-वीस वर्षे त्या घराला भोवते. म्हणून या विषयावर स्मरणिकेत लिहावे असे मंडळाने सुचविले, व आम्ही ते मान्य केले. आम्ही वकील नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून आहोत. पण भरपाईचा पैसा शेवटी ज्या खिडकीवर येतो, त्या खिडकीमागे आम्ही बसतो. कोणाचा किती आला आणि कोणाचा आलाच नाही, हे आमच्या नजरेसमोरून जाते.

आपले केनवड मेहकर-मालेगाव रस्त्यावरचे गाव. वाहनांची वर्दळ रात्रंदिवस. त्यात आता समृद्धी महामार्गही वाशिम जिल्ह्यातून गेला आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटेपूर्वी शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे याच महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी प्रवासी बस उलटून पेटली व २५ प्रवासी होरपळून गेले. त्यानंतर राज्य शासनाने मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ५ लाख व पंतप्रधान सहायता निधीतून प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर झाले. वर्तमानपत्रात हे आकडे वाचून आपल्याकडे अनेकांचा असा समज झाला, की अपघातात मेल्यावर सरकार भरपाई देते व तेवढ्यावर विषय संपतो. हा समज चुकीचा आहे. सरकार देते ती सानुग्रह मदत. ती दिली तर मिळते, मागता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ खाली मिळते ती नुकसानभरपाई. तो हक्क आहे आणि सानुग्रह मदत घेतली म्हणून तो बुडत नाही.

हा हक्क कोणाकडून वसूल होतो, ते आधी समजून घेऊ. कायद्याच्या कलम १४६ नुसार सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाला त्रयस्थ व्यक्तीचा विमा, ज्याला आपण 'थर्ड पार्टी' म्हणतो, सक्तीचा आहे. वाहनाने कोणाला मारले किंवा जखमी केले, तर मालकाच्या वतीने विमा कंपनीने पैसे द्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. गावात नेमके इथेच घोटाळा होतो. गाडीमालक ओळखीचा असतो. कधी त्याच्याच शेतात आपली माणसे मजुरीला जातात. 'त्याच्या संसारावर कशाला वरवंटा फिरवायचा' या भावनेने आपली माणसे कागदावर अंगठा देतात. वास्तविक गाडीचा विमा चालू असेल तर मालकाच्या खिशातून पैसा जातच नाही. ज्यासाठी मालकाने दरवर्षी हप्ता भरला, तो पैसा विधवेने सोडून दिला तर लाभ कंपनीचा होतो, मालकाचा नव्हे. दुसऱ्यावर दया दाखविण्याची ही रीत आम्हांला कधीच पटली नाही.

त्या स्टॅम्पपेपरवर काय लिहिलेले असते, तेही पाहावे. बहुधा तीन गोष्टी असतात : अपघातात चालकाची चूक नव्हती, आम्हांला रक्कम पोचली, आमची पुढे काही तक्रार नाही. पहिली ओळ सर्वांत घातक. दावा चालताना हीच ओळ कंपनीचा वकील न्यायाधीशांपुढे ठेवतो. फौजदारी गुन्हा मात्र अशा कागदाने मिटत नाही. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होण्याचा गुन्हा (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६) आपसात मिटविता येणाऱ्या गुन्ह्यांत मोडत नाही. तसेच अज्ञान मुलांचा वाटा आईने, आजोबांनी किंवा चुलत्याने घरात बसून सोडला म्हणून सुटत नाही. न्यायालयातील दाव्यात मुलांतर्फे तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते.

आता रक्कम किती, हा प्रश्न. आपल्या लोकांना वाटते की ते न्यायाधीशांच्या मर्जीवर असते. तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा प्रकरणात व २०१७ साली प्रणय सेठी प्रकरणात हिशेबाची रीत ठरवून दिली आहे. ती शाळेतील मुलालाही करता येईल. आमच्या विद्यार्थी वाचकांनी पुढचे उदाहरण कागदावर सोडवून पाहावे.

समजा, पस्तीस वर्षांचा मजूर अपघातात गेला. महिन्याची कमाई १२,००० रुपये. मागे पत्नी, दोन मुले व आई, असे चार अवलंबून. प्रथम कमाईत भविष्यातील वाढ मिळवायची. स्वतःचा धंदा, मजुरी किंवा ठरावीक पगार असलेल्याचे वय ४० च्या आत असेल तर ४० टक्के, ४० ते ५० असेल तर २५ टक्के, ५० ते ६० असेल तर १० टक्के. (कायम नोकरी असेल तर हेच प्रमाण ५०, ३० व १५ टक्के.) म्हणजे १२,००० चे झाले १६,८००. त्यातून मृताचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा. अवलंबून माणसे दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, सहाच्या वर असतील तर एक पंचमांश. मृत अविवाहित असेल तर साधारणतः निम्मा. येथे एक चतुर्थांश गेला, उरले १२,६००. वर्षाचे १,५१,२००. याला वयानुसार गुणायचे. २५ वर्षांपर्यंत १८, पुढे २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, मग ११, ९, ७ असे उतरत ६५ च्या पुढे ५. आपला मजूर पस्तीसचा, म्हणून १६ ने गुणले. झाले २४,१९,२००. यात अंत्यविधीचे १५,०००, संपत्तीच्या हानीचे १५,००० आणि सहवासाला मुकल्याबद्दलचे ४०,००० मिळतात. हे शेवटचे ४०,००० केवळ पत्नीला नव्हे, तर मुलांना व आईवडिलांनाही स्वतंत्र देता येतात, असे २०१८ च्या मॅग्मा जनरल इन्शुरन्स विरुद्ध नानू राम या निकालात आले. शिवाय हे २०१७ चे आकडे दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढवायचे आहेत. वाढ न धरताही चौघांचे १,६०,००० व वरचे ३०,००० मिळून एकूण २६,०९,२०० रुपये होतात. अर्ज दाखल केल्यापासूनचे व्याज वेगळे.

हा आकडा आणि पाकिटातली रक्कम शेजारी ठेवून पाहिली म्हणजे आम्ही हा लेख का लिहीत आहोत ते कळेल.

येथे कोणी म्हणेल, मजुराच्या कमाईचा पुरावा कुठला आणायचा? रोजगार हमीचे जॉबकार्ड, बँकेच्या पासबुकातील नोंदी, ज्याच्याकडे काम केले त्याची साक्ष, दूध घालत असल्यास डेअरीचे कार्ड, सातबारा, जे असेल ते द्यावे. काहीच नसले तरी दावा बुडत नाही. न्यायाधिकरण किमान वेतनाचा व कामाच्या स्वरूपाचा विचार करून अंदाजे उत्पन्न धरते. दाव्यात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावाही लागत नाही. चालक फौजदारी खटल्यात सुटला, तरी तेवढ्यावरून भरपाई नाकारता येत नाही.

घरच्या बाईचा मृत्यू झाला तर आपल्याकडे दावाच टाकला जात नाही. 'ती काय कमवत होती?' असे घरचेच विचारतात. या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी दिले आहे. १९८९ साली जमशेदपूर येथे पोलाद कारखान्याच्या समारंभात आग लागून अनेक स्त्रिया व मुले दगावली. त्या प्रकरणात, लता वाधवा खटल्यात, २००१ साली न्यायालयाने गृहिणीच्या घरकामाचे मूल्य महिना ३,००० रुपये धरले. तो मोटार अपघात नव्हता, पण पुढे मोटार दाव्यांत तो आधार झाला. २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात तर गृहिणीच्या धरलेल्या उत्पन्नावरही भविष्यातील वाढ द्यावी असे ठरले. आपल्याकडची बाई सकाळी घरचे आवरून दिवसभर निंदणाला जाते आणि संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे बसते. तिच्या दाव्यात मजुरी व घरकाम, दोन्ही लिहिले पाहिजे. वकिलाने एकच लिहिले असेल तर त्याला विचारावे.

दावा कोणी करायचा? मृताच्या कायदेशीर प्रतिनिधींनी. वारसा कायद्यात (बौद्धांनाही हिंदू वारसा कायदा १९५६ लागू आहे) विधवा, मुलगे, मुली व आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत, वडील नाहीत. मोटार दाव्यात मात्र 'कायदेशीर प्रतिनिधी' हा शब्द अधिक व्यापक धरला जातो. अवलंबून असलेले वडील, प्रसंगी भाऊही दावा करू शकतात. १९८७ च्या गुजरात राज्य परिवहन विरुद्ध रमणभाई या निकालापासून हे चालत आले आहे. विधवेला वगळून सासरच्यांनी परस्पर दावा टाकल्याचे ऐकू येते. तिने न्यायालयात जाऊन आपले नाव घालून घ्यावे. मृताची आयुर्विमा पॉलिसी असेल व ती रक्कम मिळाली असेल, तर ती भरपाईतून वजा होत नाही. हा मुद्दा आपल्याच राज्यातील हेलन रिबेलो विरुद्ध महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली निकालात काढला.

मुदतीबाबत फार सावध राहावे. १९८८ च्या मूळ कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती. १९९४ साली ती काढून टाकली, म्हणून 'क्लेमला मुदत नसते' हे वाक्य सगळीकडे रूढ झाले व अजूनही ऐकू येते. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आली आणि १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करावयाचा आहे. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्या, २०२५ मध्ये केवळ उशिराच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेशही झाला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर घरी बसून राहणे शहाणपणाचे नाही. नव्या नियमांनुसार पोलिसांनीही अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे, आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरण्याची तरतूद आहे. पोलीस ठाण्यात जाऊन तो गेला का, एवढे विचारण्यास कोणाची भीती बाळगू नये.

अपघात पुण्याला झाला म्हणून पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. अपघाताची जागा, दावेदाराचे राहण्याचे ठिकाण, किंवा गाडीमालकाचे ठिकाण, यांपैकी कोठेही दावा चालतो. कामासाठी बाहेर गेलेल्या आपल्या मुलाचा तिकडे अपघात झाला, तरी आईला वाशिमच्या न्यायालयात दावा टाकता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले व अनुसूचित जातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांचाही यात समावेश आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच. 'निकालाच्या रकमेत इतके टक्के आमचे' असा करार करणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. एजंटाला तर असा हिस्सा मागण्याचा अधिकारच नाही.

आता खऱ्या तडजोडीविषयी. तडजोड वाईटच, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. कलम १४९ प्रमाणे विमा कंपनीने अधिकारी नेमून ३० दिवसांत न्यायाधिकरणापुढे देकार ठेवायचा असतो. मान्य केला तर त्याची नोंद होऊन ३० दिवसांत पैसे मिळतात. नाकारला तर सुनावणी होते, दावा बुडत नाही. वर सांगितलेल्या रीतीने घरी हिशेब करून जावे आणि देकार त्याच्या जवळपास असेल तर घ्यावा. पाच वर्षे तारखा करण्यापेक्षा ते बरे. पण दोन ठिकाणी थांबून विचार करावा. एक, कलम १६४. यात चालकाची चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख मिळतात. चूक आपल्याच माणसाची होती किंवा पुरावाच नाही, तेव्हा ही सोय चांगली. परंतु हे पैसे स्वीकारले, की कलम १६६ चा मोठा दावा संपुष्टात येतो. दोन, लोकअदालत. तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. रक्कम कमी झाली असे दुसऱ्या दिवशी वाटून उपयोग नसतो.

गाडी ठोकून पळून गेली व सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूस २ लाख व गंभीर जखमीस ५०,००० रुपये मिळतात. पूर्वी हे २५,००० व १२,५०० होते. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा. आपल्या तालुक्यात या योजनेची माहिती फारच थोड्यांना आहे.

विमा असूनही कंपनी हात वर करते, असे प्रसंग आहेत. चालकाजवळ लायसन्स नसले तर २००४ च्या स्वर्ण सिंग निकालानुसार त्रयस्थाला बहुधा कंपनीने आधी पैसे द्यायचे व मग मालकाकडून वसूल करायचे. यापेक्षा मोठा धोका मालवाहू गाडीत बसण्याचा आहे. लग्नाचे वऱ्हाड, मजूर, १४ एप्रिलची मिरवणूक, दीक्षाभूमीला जाणारी मंडळी, आपण सर्रास टेम्पोत, पिकअपमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतो. २००२ साली आशा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मालवाहू गाडीतून फुकट प्रवास करणाऱ्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. आपल्या मालासोबत जाणाऱ्या मालधन्याची गोष्ट वेगळी. काही प्रकरणांत कंपनीने आधी द्यावे व मग वसूल करावे असे आदेश झाले आहेत, पण तो हक्क म्हणून धरता येत नाही. मग उरतो एकटा मालक, ज्याच्याकडे बहुधा त्या टेम्पोशिवाय काही नसते. आमच्या मंडळाने तरी दीक्षाभूमीला जाताना प्रवासी परवान्याचीच गाडी ठरवावी आणि निघण्यापूर्वी तिच्या विम्याचा कागद पाहावा, अशी आमची सूचना आहे. भाडे जास्त पडेल, ते पडू द्यावे.

स्वतःची मोटारसायकल स्वतःच घसरून मालक गेला तर थर्ड पार्टी विम्यातून काही मिळत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा असतो. शिवाय बँक खात्यातून वर्षाला २० रुपये जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, मृत्यूस २ लाख. माणूस गेल्यावर त्याचे पासबुक घेऊन बँकेत यावे व हे २० रुपये कापले गेले होते का, ते पाहून घ्यावे. कापले गेले असतील तर ३० दिवसांच्या आत दावा द्यावा. हे पैसे कोणी घरी आणून देत नाही.

जखमी माणसाच्या दाव्यात डॉक्टरांनी लिहिलेली टक्केवारी म्हणजेच सर्व काही, असे नसते. २०१० च्या राज कुमार विरुद्ध अजय कुमार निकालाप्रमाणे, त्या इजेमुळे त्या माणसाचा धंदा किती गेला हे पाहावयाचे. आमचा एक पाय गेला तर आम्ही खुर्चीवर बसून खाती लिहू. सोयाबीन कापणाऱ्याचा तोच पाय गेला तर त्याचा रोजगारच गेला. दवाखान्याची प्रत्येक पावती, गाडीभाड्याची चिठ्ठीसुद्धा, जपून ठेवावी.

शेवटी पैसा बँकेत येतो तेव्हा काय होते, ते सांगतो. १९९३ च्या सुसम्मा थॉमस निकालापासून अज्ञान मुलांचा वाटा ते सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवण्याची व विधवेच्या रकमेचाही काही भाग ठेवीत गुंतविण्याची पद्धत आहे. ठेवीचे व्याज दर महिन्याला बचत खात्यात जमा करता येते. न्यायालयाच्या परवानगीशिवाय ही ठेव मोडता येत नाही, तिच्यावर कर्ज मिळत नाही. नातेवाईक येऊन आमच्याशी वाद घालतात, 'पैसा तिचा आहे, तुम्ही का अडविता?' बँक अडवीत नाही, न्यायालयाचा हुकूम पाळते. लग्न, शिक्षण, आजारपण यांसाठी न्यायालयात अर्ज केल्यास परवानगी मिळते. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत अवलंबावी असे सांगितले आहे. तेव्हा दावा टाकतानाच बाईने स्वतःच्या एकटीच्या नावाने खाते उघडावे, दिराबरोबर किंवा भावाबरोबर जोडखाते करू नये, आणि सही केलेले कोरे चेक किंवा पैसे काढण्याच्या स्लिपा कोणाकडे ठेवू नयेत. आधारकार्डावर 'सुमन', निकालपत्रात 'सुमनबाई' आणि पासबुकात माहेरचे आडनाव, असे झाले की रक्कम महिनोन्महिने अडकून पडते. वकिलाला नाव लिहून देण्यापूर्वी आधार, रेशनकार्ड व पासबुक ही तिन्ही समोर ठेवून एकच नाव, एकाच शुद्धलेखनात लिहून द्यावे. फरक असेल तर आधार केंद्रात जाऊन तो त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यावा.